बांधावरचं खरं झाड

३० नोव्हेंबर, रविवार

आजचा लेख लोकांनी वाचला. आमच्या पुरवणीत असं सहसा घडत नाही. एरवी माझं सदर राशिभविष्य आणि शब्दकोडं यांच्या मधल्या फटीत अंग चोरून उभं असतं. आजचा विषय मॉलमधली ख्रिसमस ट्री. बाहेर दुपारी टोपीशिवाय निघवत नाही आणि आत कापसाच्या बर्फाखाली एक प्लास्टिकचा देवदार उभा. 'ज्याला मूळ नाही, फळ नाही, फक्त वॉरंटी आहे' हे वाक्य माझं मलाच आवडलं होतं.

सकाळी पार्किंगमध्ये उत्कर्षानं गाठलं. ही आमच्या रावेतच्या सोसायटीच्या सांस्कृतिक समितीची सचिव. कंपनीत ती नेमकं काय करते हे तिनं मला दोनदा समजावलंय आणि दोन्ही वेळा मी मान हलवली आहे.

"काका, लेख भारी. यंदा क्लबहाउसमध्ये खरं झाड. आणि आणायचं तुम्ही."

"मी वार्ताहर आहे, वनाधिकारी नाही."

"लिहिताना तर वनाधिकारीच वाटत होतात."

सोसायटीत ख्रिस्ती कुटुंब एकच आहे आणि ते नाताळात अहिल्यानगरकडे गावी जातं, त्यामुळे हा सण आम्ही अगदी निर्विघ्नपणे साजरा करतो. जयमाला, म्हणजे आमची मंडळी, एवढंच म्हणाली, "आणा आता. घरात साधी तुळस जगत नाही."

४ डिसेंबर

नर्सऱ्या पालथ्या घातल्या. मिळतात ती झाडं कमरेएवढी, कुंडीतली. उत्कर्षाला छताला टेकणारं हवं.

जाता जाता डांगे चौकात मुमताज आपांच्या दुकानात डोकावलो. त्या भाद्रपदात मखरं विकतात, आश्विनात आकाशकंदील आणि मार्गशीर्षात ही झाडं. सर्वधर्मसमभावावर भाषणं ऐकून कंटाळा आला की मी तिथे जाऊन बसतो.

"या भाऊ. माझ्या झाडाला मूळ नाही म्हणे."

"तुमच्या नाही हो आपा, एकूणच—"

"एकूणच म्हणजे माझ्याच. चौकात दुसरं दुकान कुणाचंय?" त्यांनी चहा सांगितला. "खरं आणताय असं ऐकलं. सण झाल्यावर काय करणार त्याचं? माझं तर पेटीत जातं, पुढच्या साली निघतं."

"परत नेऊन लावणार."

"कोण?"

"मी."

आपा हसल्या. वाईट हसल्या नाहीत, पण बराच वेळ हसल्या. व्यापाऱ्याला निसर्गाची स्पर्धा सोसत नाही, असं टिपून ठेवतो. पुढेमागे लेखात येईल.

११ डिसेंबर

झाड मिळालं!

चाकणच्या पुढे, कारखान्यांच्या पत्र्याच्या शेडांमधून अजून थोडी शेती जीव धरून आहे. तिथल्या एका वस्तीवर गेनबा राहतात. मागे पाणीटंचाईची बातमी करताना ओळख झाली होती. मूळचे शेतकरी, आता कंपन्यांना टँकर आणि जेसीबी पुरवतात, पण डोक्यावरची टोपी सुटलेली नाही. लेख वाचून त्यांनीच फोन केला होता, "सायेब, झाडच पायजे ना? आमच्याकडं हाय की."

सुरूचं झाड. दोन पुरुष उंच, खाली भरदार, वर निमुळतं. सुरू हा देवदाराचा खरं तर कुणीच लागत नाही, पण लांबून बघणाऱ्याला सख्खा भाऊ वाटतो. वार्ताहर आणि विद्वान यांचंही नातं असंच.

एका बाजूला गेनबांचं कांद्यासाठी तयार होत असलेलं रान, दुसरीकडे त्यांच्या थोरल्या वहिनीचा हरभरा. मधल्या बांधावर हे झाड आणि बांधावरूनच वहिनीच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत जाणारी पाऊलवाट. वहिनींचं नाव कुशाबाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. हातात विळा घेऊनच आल्या.

"बांधावरचं हाय ते," त्या म्हणाल्या.

"व्हय वहिनी, बांधावरचंच. कुटं पळून चाललंय?" गेनबा हसले. "पोरांचा सन हाय. सायेब पेपरवाले हायेत. आलेल्या मानसाला न्हाई म्हनायचं का?"

"मालकांनी लावलंय. वाटनीच्या टायमाला."

मला भरून आलं. दिवंगत पतीच्या हातचं झाड! म्हटलं, "कुशाबाई, सण झाला की मुळासकट परत आणून लावतो."

"हितंच?"

"इथंच."

"ह्याच जाग्यावर? हातभर हिकडं न्हाई का तिकडं न्हाई?"

"माझा शब्द."

त्यांनी एकदा दिराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाल्या, "तुमी लिवनारं मानूस. तुमच्या शब्दावर न्या."

ग्रामीण माणसाचा झाडावर जीव असतो तो असा.

जेसीबी गेनबांचाच. मातीच्या गड्ड्यासकट झाड काढलं, गोणपाटात बांधलं, पिकअपमध्ये आडवं केलं. एवढ्यावर न थांबता त्यांनी खड्डा बुजवला आणि वर बांधही लांबपर्यंत सपाट करून घेतला. "कुनाचा पाय मुरगाळायला नगो," म्हणाले. काय ही काळजी! मग त्यांच्या ओसरीवर भजी आणि चहा. कुशाबाईंनीही चहाला बोलावलं होतं, पण गाडीवाला घाई करत होता.

१४ डिसेंबर, रविवार

क्लबहाउसमध्ये झाड उभं राहिलं. लोक फोटो काढतायत. उत्कर्षानं सर्वांसमोर माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. मी नको नको म्हणत राहिलो, पण टाळ्या संपेपर्यंत जागचा हललो नाही.

लेखही आज आला : 'खरं झाड, खरा माणूस'. त्यात 'गेनबांनी स्वतःच्या शेतातलं, स्वतःच्या मालकीचं झाड हसतमुखानं देऊन टाकलं' असं वाक्य आहे. फोटो गेनबा आणि झाड.

जयमालानं चष्म्यावरून पाहिलं. "त्या बाईंचं नाव नाही कुठे?"

"जागा नव्हती."

"पेपरात का मनात?"

मी न्याय आणि मीमांसा दोन्ही शिकलो आहे. बायकोपुढे त्यातलं काहीही चालत नाही.

१९ डिसेंबर

झाडाच्या खालच्या फांद्यांना तांबूस छटा आली आहे. ऋतुमान, बहुधा. उत्कर्षा म्हणाली, "काका, हे वाळतंय." मी म्हटलं, "जुळवून घेतंय."

दुपारी कुशाबाईंचा फोन.

"सायेब, झाड कधी आनताय?"

"पंचवीस तारीख होऊ द्या. लगेच आणतो."

"हिकडं भावजी नांगरत्यात."

"छान, छान. कांद्याची लागवड ना?"

"लवकर आना," म्हणाल्या आणि फोन ठेवला. एका झाडावाचून बाई इतक्या कासावीस होतात. यावर ललित लिहायला हवं.

२३ डिसेंबर

आज जे केलं ते लिहायला हात होत नाही, म्हणून लिहितो.

झाड पुरतं तपकिरी झालं. नुसता वारा लागला तरी सुया झडतात. क्लबहाउसची फरशी खळ्यासारखी दिसते. समितीची तातडीची बैठक झाली. कुणी म्हणालं, मुमताज आपांकडून प्लास्टिकचं आणू. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी लेखक, मी आणणारा, टाळ्याही मीच घेतलेल्या.

मी म्हणालो, "रंग देऊन बघू का?"

उत्कर्षानं सुचवलं असतं तर बरं झालं असतं. तिनं नाही, मीच सुचवलं.

थेरगावच्या गॅरेजमधून गाड्यांना रंग मारणारा बोलावला. त्यानं विचारलं, "साहेब, मेटॅलिक देऊ का साधा?" साधा दिला, बाटलीहिरवा. तासाभरात झाड असं हिरवं झालं की जिवंत असताना कधी नव्हतं. शिडी मी धरली होती. माझ्या चपलेवर हिरवे थेंब पडलेत. ती मी दाराबाहेर काढून ठेवली. जयमालानं ती पाहिली आणि खाली जुना पेपर सरकवला. ती बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

२५ डिसेंबर

कार्यक्रम पार पडला. केक, गाणी, लाल टोपीतले आमचे कोषाध्यक्ष. तिसऱ्या मजल्यावरच्या सनाची आई सनाला सांगत होती, "बघ, हे खरं झाड आहे."

सना पाच वर्षांची असेल. तिनं फांदीवर हात घासला, तळवा पाहिला, आईला दाखवला. "खोटं आहे. रंग जातो."

सगळे हसले. मीही हसलो, आणि जरा जास्तच मोठ्यानं हसलो. एक गृहस्थ माझी पाठ थोपटून म्हणाले, "काही म्हणा, अगदी खऱ्यासारखं वाटतंय."

कुशाबाईंचे दोन मिस्ड कॉल आहेत. काय सांगू? 'झाड उत्तम आहे, तुम्ही हात तेवढा लावू नका'? आज फोन केला नाही. उद्या करीन.

२८ डिसेंबर, रविवार

फोन केला नाही.

झाड आज कचऱ्यात गेलं, आणि तेही धड गेलं नाही. घंटागाडीवरच्या बाईंनी ते ओल्या कचऱ्यात घ्यायला नकार दिला. "ह्याला रंग हाय." सुक्यात टाकायला गेलो तर म्हणाल्या, "झाड सुक्यात कसं घेऊ काका?" गाडीची ध्वनिफीत स्वच्छतेचं गाणं वाजवत होती आणि मी रस्त्यात ते झाड आडवं धरून उभा होतो. शेवटी वॉचमननं कुऱ्हाड आणून तुकडे केले. आत लाकूड कोरडंठाक होतं.

डांगे चौकातून मुद्दाम वळसा घालून आलो. आपांच्या दुकानासमोरून जायचं धाडस नव्हतं.

मग स्वतःची समजूत घातली. झाड गेलं, पण शब्द पाळता येईल. त्याच जातीचं नवं रोप नेऊन त्याच जागी लावीन. बाईंनाही ते पटेल. एवढं ठरवल्यावर जेवण गेलं.

१ जानेवारी

नवं वर्ष. नर्सरीतून सुरूचं चांगलं छातीएवढं रोप घेतलं आणि वस्तीवर गेलो. वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. 'एक गेलं, पण परंपरा—' असं काहीसं.

मोटरसायकल रस्त्यावर लावली आणि पाऊलवाट शोधू लागलो. पाऊलवाट नव्हती, बांधही नव्हता. गेनबांचं रान वहिनीच्या हरभऱ्यापर्यंत सलग झालं होतं. त्यात कांद्याची कोवळी रोपं ओळीनं उभी, आणि हरभऱ्याला लागून काटेरी तारेचं कुंपण.

कुशाबाई तारेच्या पलीकडे हरभरा खुडत होत्या. मी हातातलं रोप उंच करून दाखवलं. जणू काही बक्षीस आणलंय.

त्या तारेजवळ आल्या. रोपाकडे बघत म्हणाल्या, "कुटं लावता?"

मी रोप खाली घेतलं.

"हद्दीचा दगड रस्त्याच्या कामात गेला," त्या म्हणाल्या. "मालकांनी आन् भावजींनी वाटनीला ते झाड लावलं व्हतं, मधोमध. तेवढीच खून व्हती. झाड हाय तवर बांध हाय. म्हनून म्हनत व्हते, हितंच लावा."

मी ते ऐकलं होतं. अक्षर अन् अक्षर ऐकलं होतं, वहीत उतरवलंही होतं, आणि शेजारी कंसात 'हृद्य' असं लिहिलं होतं.

"तुम्ही तेव्हा स्पष्ट का नाही सांगितलं?" हे मी विचारलं. खरोखर विचारलं. स्वतःच्या हातानं इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे नाकारता येणार नाही.

"पाव्हन्याम्होरं दिराला चोर म्हनू?"

तेवढ्यात गेनबा आले. "सायेब! या, चा घ्या." त्यांच्या ओसरीवर गेलो तर माझा लेख फ्रेम करून लावलाय. स्वतःच्या शेतातलं, स्वतःच्या मालकीचं. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. "तुमी लिवलंयच की. आमचंच झाड, आमच्याच रानातलं. मंग बांध कंच्या बाजूला ऱ्हातो?"

चहा समोर होता. मी तो प्यायलो. का प्यायलो, माहीत नाही. आलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, तसं देणाऱ्यालाही येत नसावं.

रोप परत घेऊन आलो. ते आता बाल्कनीत आहे.

४ जानेवारी, रविवार

संपादकांना गुरुवारीच गाठलं होतं. म्हटलं, खुलासा छापायचाय.

"कशाचा? झाडाचा?" ते म्हणाले. "अरे, मंत्र्यांचे खुलासे वेटिंगवर आहेत."

शेवटी सहाव्या पानावर निविदा सूचनेखाली जागा मिळाली. आज छापून आलाय : 'लेखात उल्लेखिलेले वृक्षदान हे संबंधित कुटुंबाच्या सामाईक सौजन्याचे फलित होते.' हे वाक्य मी चार वेळा घासून लिहिलं. गेनबा दुखावणार नाहीत, वर्तमानपत्राची अब्रू जाणार नाही आणि माझी चूक कुणाच्या लक्षात येणार नाही, असं ते निर्दोष वाक्य आहे.

जयमालानं वाचलं. "याचा अर्थ काय?"

मी सांगितला.

"मग असं लिहा ना. 'झाड दोघांच्या बांधावरचं होतं, मी नीट विचारलं नाही.' मला सुद्धा कळलं असतं."

दुपारी कुशाबाईंना फोन केला. आधीचे सगळे मिस्ड कॉल उतरवून टाकावेत म्हणून मीच बोलत राहिलो. खुलासा आलाय म्हटलं. त्यांनी शेजारच्या तेजलकडून वाचून घेतला होता. "तिलाबी न्हाई समजला," म्हणाल्या. मग सांगितलं, "शनवारी तंटामुक्तीवालं येनारेत बांध बघायला. तुमी येऊन सांगा. तोंडानं सांगा."

येतो म्हणालो.

१० जानेवारी, शनिवार

आजचं सगळं लिहितो. कुठेही घासूनपुसून घेणार नाही.

तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष गणराज म्हणून आहेत. कंपनीत सुपरवायझर होते, आता निवृत्त. सोबत चारपाच मंडळी. कांद्याच्या कडेला सगळे उभे. गेनबा फ्रेमसकट आले होते.

मी तोंडानं सांगितलं. लेखात चूक झाली, झाड दोघांच्या बांधावरचं होतं, वाटणीच्या वेळी खूण म्हणून लावलेलं होतं, कुशाबाईंनी तसं मला सांगितलं होतं, मी लिहिलं नाही. माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. एकही विशेषण सापडत नव्हतं.

गेनबा शांतपणे म्हणाले, "सायेब, तवा पेपरात खोटं लिवलं का आत्ता खोटं बोलताय?"

"तेव्हा."

"मंग आत्ताचं खरं कशावरनं?"

मंडळी हसली. मला राग यायला हवा होता, तो आला नाही. प्रश्न बरोबर होता.

गणराज म्हणाले, "बरं राव, ते जाऊ द्या. झाड कुठं होतं तेवढं दाखवा. जागा कळली की सुतळी धरतो, आजच्या आज तार मागं घेतो. गेनबा, कबूल?"

"सायबांनी दाखवावी. वहिनींनी न्हाई. कबूल."

एवढंच करायचं होतं. मी पुढे झालो आणि समोर पाहिलं. कांद्याची रोपं, ओळीत, एकसारखी, ओलं रान. उजवीकडे शेड, डावीकडे विजेचा टॉवर. झाडापासून टॉवर कोणत्या अंगाला होता? त्या दिवशी रस्ता किती लांब वाटला होता? मी त्या झाडाखाली तासभर उभा होतो. त्याच्यावर आठशे शब्द लिहिले होते.

"फोटो आहेत," मी म्हणालो आणि मोबाईल काढला. सगळे वाकून बघू लागले. एकूण एक फोटो खालून काढलेले. झाडाचा शेंडा आणि वर निळं आभाळ. शेड येऊ नये, टॉवर येऊ नये, हिमालयाचा भास व्हावा म्हणून मी जमिनीवर बसून काढले होते. एकातही जमीन नव्हती.

"सांगा की सायेब," कुशाबाई हळूच म्हणाल्या. त्या एका जागेकडे पाहत होत्या, हात न उचलता, नुसत्या नजरेनं. मला नुसतं बोट करायचं होतं. ती जागा बरोबरच असणार. बाईनं आयुष्य काढलंय तिथे.

पण मला ठाऊक नव्हतं. आणि गेनबा माझ्या डोळ्यांकडे बघत होते.

"आठवत नाही," मी म्हणालो.

याला सत्यवचन म्हणता येणार नाही. एक माणूस तिथे होता आणि त्यानं पाहिलं नाही, एवढंच त्यात होतं.

गणराजांनी हात झटकले. "मग सरकारी मोजणीला अर्ज करा आक्का. नंबर लागेल तेव्हा लागेल. तोवर हाय तसं." मंडळी पांगली. गेनबांनी जाताना चहाचं विचारलं. यावेळी मी नको म्हणालो. त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता.

मोटरसायकल पलीकडे रस्त्यावर होती, पण गेनबांच्या रानातून परत जाववेना, म्हणून तारेतून वाकून मी कुशाबाईंच्या बाजूला गेलो. त्या म्हणाल्या, "हिकडनं चला. वाट न्हाई आता." हरभऱ्याच्या मागून ओढा आहे, शेडांचं पाणी त्यात येतं. काळं, फेसाळ, पोटरीपर्यंत. त्या रोज दुधाची किटली घेऊन यातूनच जातात, असं कळलं. मी बूट काढावेत का, याचा विचार करत उभा राहिलो तेव्हा त्या पाण्यात उतरून मागे वळल्या आणि हात पुढे केला. माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठी बाई. मी तो हात धरला. मधे एकदा पाय घसरला, तेव्हा त्यांनीच सावरलं.

पलीकडे आल्यावर मी म्हणालो, "कुशाबाई, मोजणीसाठी मी मागे लागतो. आणि उद्या सगळं खरं खरं लिहितो. नावांसकट."

त्यांनी लुगड्याचा काठ पिळला.

"नगा लिवू आता काय," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. लहान पोराच्या हातातून विळी काढून घ्यावी, तसं म्हणाल्या.